चुंबक खिशातच राहिला

गाडी विकत घेताना मी फसलो नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या माजातूनच घडलं.

२०२२च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मोडेस्टोजवळच्या एका शेतावर, अक्रोडाच्या झाडांखाली उभी असलेली १९६४ची शेव्हरोले इम्पाला मी सतरा हजार डॉलरला घेतली. विकणारा म्हणाला, सुपर स्पोर्ट आहे, म्हणजे इम्पालातली वरची, महागडी आवृत्ती. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, दाराच्या खांबावरची नंबरपट्टी रुमालाने पुसली आणि पहिले पाच आकडे वाचले: ४१४४७. चौसष्ट सालच्या खऱ्या व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) सुपर स्पोर्ट कूपेचा, म्हणजे दोन दारांच्या गाडीचा, नंबर असाच सुरू होतो. साध्या व्ही-एट इम्पालाचा ४१८४७ने सुरू होतो, आणि तिच्यावर सुपर स्पोर्टची अक्षरं नि बकेट सीटा चढवून ती चढ्या भावाने गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. (एकसष्ट ते त्रेसष्टच्या गाड्यांत ही सोय नाही. तेव्हा सुपर स्पोर्ट हे वरून घ्यायचं पॅकेज होतं, नंबरात त्याची खूण नसते.) घरी येताना मी बायकोला तीनदा सांगितलं, मला या धंद्यात कुणी उल्लू बनवू शकत नाही.

त्याला कारणही होतं. आम्ही १९८४ साली सांगलीहून सॅन होजेला आलो, मी आठ वर्षांचा होतो. बाबा डिस्क ड्राइव्हच्या कारखान्यात टेक्निशियन. घर शहराच्या पूर्वेला, किंग रोड आणि स्टोरी रोड मिळतात त्या चौकापासून चार गल्ल्या आत. लोरायडर म्हणजे मुद्दाम जमिनीलगत खाली बसवलेल्या, नटवलेल्या गाड्या. त्या दुनियेत या चौकाला मान आहे. ‘लोरायडर’ हे मासिकही १९७७मध्ये सॅन होजेतच निघालं. रविवारी संध्याकाळी तिथून गाड्यांची रांग सरकायची. पोट रस्त्याला टेकेल इतक्या खाली बसवलेल्या, माणूस चालेल त्या वेगाने. आम्ही नवीन होतो तेव्हा बाबा पहिल्यांदाच ही रांग बघत फुटपाथवर उभे राहिले आणि म्हणाले, “अरे, हा तर बेंदूर!” शिंगं रंगवून, झूल घालून बैल गावातून हळूहळू फिरवायचे, घाई करायची नाही, लोकांनी बघावं म्हणूनच तर फिरवायचं. या गाड्यांचे मेक्सिकन वंशाचे मालक स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘बाहितो इ सुआवेसितो’, खालून आणि मऊसूत. बाबांचा शब्द मला अजूनही जास्त बरोबर वाटतो.

आमच्या डाव्या हाताला राहायचे ते टिओ. टिओ म्हणजे काका. फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यात नोकरी, आणि गॅरेजमध्ये १९५१ची गोलमटोल शेव्हरोले. असल्या गाड्यांना तिकडे ‘बॉम्बा’ म्हणतात. माझी शाळा सुटली की मी त्यांच्या गॅरेजमध्ये पाने पुसायला बसायचो. आईला ते पसंत नव्हतं. मराठी मंडळातल्या लोकांच्या लेखी या गुंडांच्या गाड्या. टिओंच्या शर्टाच्या खिशात मात्र सुरी-बिरी नसायची, रुमालात गुंडाळलेला एक चपटा चुंबक असायचा. दुसऱ्याची गाडी बघायला गेले की आधी परवानगी मागायचे, मग रुमालासकट तो चुंबक मागच्या चाकावरच्या पत्र्याला लावायचे. चिकटला तर लोखंड. घसरला तर लांबी. आपल्याकडचे गॅरेजवाले पुट्टीला लांबी म्हणतात तीच.

आणि प्रदर्शनात गाडीखाली आरसे ठेवलेले असतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. लोक वाकून वरचा रंग नाही, आरशात खालचा भाग बघतात. सोबत फोटोंचा अल्बम असतो, रंग देण्याआधीचा उघडा पत्रा दाखवणारा. मी हे सगळं बघत मोठा झालो आणि सेहेचाळिसाव्या वर्षी तो अल्बम न मागता पैसे देऊन आलो.

गाडी नव्याने घडवायला माझ्याकडे ना जागा होती ना वेल्डिंगचा हात. रस्त्यावर गाड्या हळू फिरवण्यावर शहरात १९८०च्या दशकात आलेली बंदी २०२२मध्ये उठली, आणि जो तो जुनी गाडी नव्याने बांधून घ्यायला निघाला. ओळखीच्या कारागिरांकडे दोन-दोन वर्षांची वाट. तेवढ्यात एकाने फ्रेस्नोच्या अलीकडच्या एका गॅरेजचं नाव दिलं. नाव मी लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, ते का, ते शेवटी कळेल.

मालक पन्नाशीचा, बोलायला अगदी लाघवी. मी किंग आणि स्टोरीचं नाव काढलं मात्र, त्याने छातीवर हात ठेवला. कुठल्या कोपऱ्यावर कुठला क्लब थांबायचा, कुणाच्या गाडीवर कसलं चित्र होतं, भडाभडा सांगायला लागला. चौसष्टची इम्पाला म्हटल्यावर ‘जिप्सी रोज’ची गोष्ट निघणारच. ती गुलाबांनी भरलेली गुलाबी गाडी २०१७मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ठेवली होती. ती सांगताना त्याचे डोळे पाणावले. मला ‘कार्नाल’ म्हणाला. कार्नाल म्हणजे सख्खा भाऊ. सांगलीच्या पोराला तिथे चाळीस वर्षांत हा शब्द फार थोड्यांनी लावला होता. मी त्याच्या शेडमधल्या एकाही गाडीला चुंबक लावला नाही. खिशात होता. आपल्या माणसाच्या घरी जेवायला बसल्यावर ताट स्वच्छ आहे का म्हणून कोण बघतं?

ठरले तेहेतीस हजार. पंधरा आगाऊ, आठ चॅसी मजबूत करायला सुरुवात होताना, साडेसात हायड्रॉलिक्सचे, अडीच गाडी ताब्यात देताना. एका पानावर हाताने लिहिलेला कागद, त्यावर नुसते हे चार आकडे. कुठला पत्रा बदलणार, कुठला दुरुस्त करणार, काही नाही. पैसे बँकेच्या ॲपवरून. क्रेडिट कार्ड घेत नाही, म्हणाला, बँक टक्के खाते. कार्डाने दिले असते तर बँकेकडे निदान तक्रार तरी करता आली असती.

चॅसीचं थोडं समजावून सांगतो, कारण खरा खेळ तिथेच झाला. १९५८ ते ६४च्या इम्पालांची चॅसी इंग्रजी एक्सच्या आकाराची असते, कडेला आधाराच्या दांड्या नसतात. आता या गाड्या वर-खाली होतात त्या हायड्रॉलिक्सवर. पन्नासच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली लोंबता कामा नये. त्यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. तेव्हापासून डिकीत पंप आणि बॅटऱ्यांची रांग, डॅशबोर्डखाली बटणं. बॅटऱ्यांचं वजन आणि प्रत्येक धक्का सोसायचा त्या एक्सने. म्हणून आधी चॅसीवर पोलादी पट्ट्या वेल्ड करून ती सगळी मढवतात. हे काम झालं नसेल आणि तुम्ही पंपाने गाडी उसळवायला लागलात तर आधी चिरा पडतात, मग चॅसी वाकते. मग चालवणाऱ्याच्या जिवाशीच गाठ.

जुलै २०२३मध्ये त्याने फोटो पाठवले. उघडी, मढवलेली चॅसी, वेल्डिंगची सुरेख ओळ. मी ते फोटो बायकोला दाखवले, ऑफिसात दाखवले. महिन्याभराने माझी लेक ते बघताना म्हणाली, “बाबा, खिडकीबाहेर बर्फ आहे.” होता. चॅसीच्या मागे शेडची खिडकी, खिडकीबाहेर पांढराशुभ्र ढीग. जुलैत. फ्रेस्नोजवळ, जिथे त्या आठवड्यात डांबर वितळत होतं. मी फोन केला. तो हसला. म्हणाला, मुलाने चुकून जुना फोटो पाठवला, तुझी चॅसी याहून सरस झाली आहे. मी मान्य केलं! लेकीने केलं नाही. ती म्हणाली, जाऊन बघ. मी आधी फोन करून गेलो, आणि गाडीवर ताडपत्री होती, रंगाआधीचा प्राइमर वाळतोय म्हणे, हात लावायचा नाही.

जानेवारी २०२४मध्ये मी गाडी आहे तशी परत मागितली. तेव्हा कार्नालचा आवाज बदलला. जागेचं भाडं दिवसाला पंच्याहत्तर डॉलर, मागच्या तारखेपासून, नाही तर लीन टाकून, म्हणजे थकलेल्या पैशांपोटी गाडीवर हक्क लावून, गाडी विकतो. गाडी जाईल या भीतीने मी आणखी सहा हजार दिले. ही धमकी पोकळ होती हे मला पाच महिन्यांनी कळलं. कॅलिफोर्नियात गाडी दुरुस्त करणाऱ्याला ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेल्याला गाडीवर लीन टाकता येत नाही, आणि मजुरीसाठी कोर्टातही जाता येत नाही. कामाआधी लेखी अंदाजपत्रक देणं, त्यावर ज्यादा लागलं तर आधी विचारणं, आणि आधी सांगून ठेवलं असेल तर काढलेले जुने भाग परत देणं, हेही त्याच्यावर बंधनकारक. ब्युरोच्या वेबसाइटवर गॅरेजचं नाव टाकलं की नोंदणी दिसते. याच्या नावाने काहीच दिसलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं. गाडीचा नंबर पुसून वाचणाऱ्या शहाण्याने गॅरेजचा नंबर विचारला नव्हता.

मे महिन्यात गाडी मिळाली. आणि काय सांगू, देखणी होती. कँडी रंग, डाळिंबाच्या दाण्यासारखा. कँडीमध्ये खाली चंदेरी थर असतो, त्यावर पारदर्शक रंगाचे एकावर एक हात, प्रत्येक हाताने रंग खोल जातो. ऊन पडलं की आतून दिवा लावल्यासारखी दिसते. आईसुद्धा बाहेर आली आणि म्हणाली, “गौराई आणलीस.” त्या जानेवारीपासून असल्या फिरण्यावरची बंदी राज्यभर उठली होती. जूनमधल्या दोन रविवारी मी हळूहळू फिरून आलो, पंप न वापरता, ते बरंच झालं. ऑगस्टमध्ये मागच्या काचेखाली तांदळाएवढे फोड आले. मग मागच्या चाकावर. कँडीची अडचण अशी की तेवढीच जागा दुरुस्त करता येत नाही. हातांची संख्या जुळली नाही की डाग दिसतो, सगळी बाजू नव्याने करावी लागते.

टिओ आता ऐंशीच्या घरात आहेत. काठी टेकत आले, बराच वेळ गाडीकडे बघितलं, मग हात पुढे केला. मी खिशातला चुंबक दिला. त्यांनी रुमालासकट चाकावर लावला. घसरला. एक वीत वर लावला, घसरला. डिकीच्या कडेला लावला, तिथेही घसरला. टिओ काही बोलले नाहीत. त्यांनी चुंबक पुसून परत माझ्या खिशात ठेवला, लहानपणी खाऊला पैसे ठेवायचे तसा.

त्यांचा जावई वेल्डर आहे. त्याने गाडी वर उचलून खालचा काळा डांबरी लेप खरवडला. मढवलेली म्हणून आठ हजार घेतलेली चॅसी गंजलेली, जशीच्या तशी. चाकामागे, खाली वाकून हात घातला तर जिथपर्यंत पोचतो तिथे फक्त, दोन वीतभर पट्ट्या टाके मारून लावलेल्या. पत्र्याच्या जागी बोटाच्या पेराएवढी जाड लांबी, लांबीच्या आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, जाळीच्या मागे पिवळा फोम. डिकीचा तळ कुजून चाळण झालेला आणि वरून नवाकोरा गालिचा. नवे म्हणून लावलेले पंप जुने, क्रोमवर क्रोम चढवलेले. पैसे घेऊन पळणारा चोर परवडला. याने वीस महिने बसून खोटं काम मेहनतीने केलं होतं.

ब्युरोत तक्रार केली, त्यांचा माणूस येऊन गाडीचे फोटो घेऊन गेला. वकिलाने आगाऊ मागितलेली रक्कम ऐकून मी स्मॉल क्लेम्स कोर्टात गेलो. तिथे वकील लागत नाही, पण एका माणसाला १२,५०० डॉलरच्या वर मागता येत नाही, आणि वरच्या रकमेवर पाणी सोडावं लागतं. तो आलाच नाही. निकाल माझ्या बाजूने लागला. कोर्ट निकाल देतं, वसुली आपली आपण करायची. आजवर अकराशे हातात आले आहेत.

ओळखीतले विचारतात, इतकं माहीत असून कसा फसलास? ज्याला काहीच माहीत नसतं तो चार जणांना विचारतो. मी कुणालाच विचारलं नाही. टिओंनाही नाही, कारण मला त्यांना तयार गाडी दाखवायची होती. त्या माणसाने मला गाडीबद्दल एकही खोटी गोष्ट सांगितली नाही त्या पहिल्या दिवशी. त्याने फक्त माझं लहानपण मला परत सांगितलं, आणि मी त्याचे पैसे दिले.

गाडी आता जावयाच्या शेडमध्ये आहे, डाळिंबी रंग निम्मा खरवडलेला. तो शनिवारी काम करतो, मी पाने पुसतो, लेक प्रत्येक पत्र्याचा उघडा फोटो काढून वहीत चिकटवते.

मागच्या महिन्यात त्या गॅरेजची पाटी बदलली. नाव नवीन, फोन नंबर तोच. जाहिरातीत पहिला फोटो माझ्या गाडीचा आहे: डाळिंबी चौसष्ट, मागे निलगिरीची तीन झाडं, पुढच्या काचेत आरशाला टांगलेला छोटा गणपती. तो फोटो तुम्हाला कुणी दाखवला तर त्याला एवढंच विचारा, ही गाडी बघायला मिळेल का, मागच्या चाकापाशी जरा चुंबक लावून बघायचा आहे.