दहा लिटर दूध आणि मे महिना: विरजणाआधी दूध झटपट निववायचं कसं?

अक्षय्य तृतीयेला घरचं श्रीखंड करायचं म्हटलं की आमच्या इंदूरच्या घरात चक्का बांधण्यापेक्षा दूध निववणं अवघड असतं. १० लिटर म्हशीचं दूध उकळलं, आता ते ४२-४३ अंशांवर आणायचंय आणि बाहेर ४१ आहे. ओट्यावर पातेलं तसंच ठेवलं तर शेवटचे दहा अंश उतरायला अख्खी संध्याकाळ जाते. एका वर्षी मी वाट पाहून कंटाळले आणि दूध कढत असतानाच विरजण लावलं. सकाळी दही रवाळ, कडेनं पाणी सुटलेलं. त्याचा चक्का कितीही घोटला तरी मऊ झाला नाही.

नुसता वेळ वाचतो म्हणून घाई करायची असं नाही. काही जंतूंचे बीजाणू उकळीतही जिवंत राहतात आणि दूध तासन्‌तास कोमट राहिलं की वाढायला लागतात. विरजणाला त्यांच्या आधी दुधात जम बसवता आला पाहिजे.

आमच्याकडे मुख्य मार्ग तीन: कूलर, पाणी आणि बर्फ.

कूलर तर घरोघरी असतोच. परातीत पाणी घालून त्यात पातेलं ठेवायचं, भोवती ओला पंचा गुंडाळायचा, पंचाची टोकं परातीतल्या पाण्यात बुडू द्यायची आणि हे सगळं कूलरसमोर मांडायचं. वर मलमलचं फडकं हवंच, नाहीतर धूळ आत जाते. किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या सातेक पट उष्णता लिटरभर पाणी वाळताना ओढतं. म्हणून माळव्याच्या कोरड्या लूमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यात, हा उपाय चालतो. फक्त तासाभराच्या वर वेळ लागतो. पाणी जपून वापरावं लागतं त्या घरांसाठी मी हाच सांगेन.

वेळ महत्त्वाचा असेल तर पाण्याचा टब. मोठ्या टबात २० लिटर पाणी घेऊन त्यात पातेलं बसवायचं. पाणी ३० अंशांचं असेल तर पहिल्या पाण्यात दूध उकळीवरून ५० च्या आसपास येतं. पाणी बदललं की दुसऱ्यात ४३ सहज गाठतं, उलट तिथे लक्ष ठेवावं लागतं, कारण तसंच राहू दिलं तर दूध ३७ पर्यंत उतरतं. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. पण दुपारी गच्चीवरच्या टंकीचं पाणी ४० अंशांचं असतं. त्यानं पहिल्या खेपेला दूध ५८ वर, दुसरीला ४६ वर येऊन थांबतं आणि तिसऱ्यांदा पाणी बदलावं लागतं. म्हणून नर्मदेचं पाणी येतं तेव्हाच दोन बादल्या भरून घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवते. नळ एक दिवसाआड येत असेल तर हे आदल्या दिवशीच आठवायला हवं. बोरिंगचं पाणी ताजं उपसलेलं असेल तर उत्तमच. टबातलं कोमट पाणी भांड्यांना होतं, थंड झाल्यावर झाडांना.

टबात ठेवून पातेल्याकडे पाठ मात्र फिरवू नका. कडेचं दूध आधी थंड होतं आणि मधलं कढतच राहतं. डाव तळापर्यंत घालून दर मिनिटाला दूध खालून वर आणा. तसं केलं की टबातल्या पाण्याला पातेल्याच्या कडेकडे चटका लागू लागतो, म्हणजे उष्णता बाहेर येतेय. मी न ढवळता ठेवून पाहिलंय, वेळ जवळजवळ दुप्पट लागला.

बर्फाच्या बाबतीत लोक हमखास एक चूक करतात. उकळतं पातेलं थेट बर्फात ठेवतात. १० लिटरला नुसत्या बर्फानं निववायला चार किलोच्या पुढे बर्फ लागतो आणि तो बघता बघता संपतो. पहिला मोठा उतार फुकटच्या पाण्याला करू द्या, बर्फ शेवटच्या टप्प्याला ठेवा. ५८ वरून ४३ वर यायला सव्वा-दीड किलो पुरतो, आणि एवढा घरच्या फ्रीजमध्ये स्टीलच्या डब्यांत जमतो. बर्फ टबातच टाकायचा, दुधात कधीच नाही. बाजारच्या लादीचा तर मुळीच नाही.

सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, कढईवाले दूध उंचावरून ओततात तसं करून पाहावंसं वाटतं, पण ते एका ग्लासाला ठीक. दहा लिटरला हात भरून येतात आणि धूळ पडते. फ्रीजचा तर विचारच नको, आतलं बाकी सगळं तापतं. चार लहान पातेल्यांत वाटून घेणं मात्र कुठल्याही उपायाबरोबर करता येतं. भांडी वाढतात, पण निम्म्या वेळात काम होतं.

थर्मामीटर नसेल तर धुतलेली करंगळी दुधात ठेवून दहा आकडे मोजा. सहज मोजता आले तर विरजण लावा. पाचव्याला हात काढावासा वाटला तर अजून थांबा.

मी स्वतः एक पाणी टंकीचं घेते, दुसरं सावलीतलं, आणि गरज पडली तरच बर्फ. जूनच्या मध्यात पाऊस लागला, हवा दमट झाली की कूलर-पंचाचा मार्ग सोडून द्यायचा. तेव्हा पंचा वाळत नाही आणि पातेलं निवत नाही.