टांगती मोटर, लांब शेपूट: तीन वर्षं वापरून झाल्यावर

माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडातला सांधा झिजला, तेव्हा डॉक्टरांनी पटाशी आणि हातोडी दोन्ही खाली ठेवायला सांगितली. मी लाकडात पक्षी कोरते, म्हणून अर्धंच ऐकलं. हातोडी ठेवली, पटाशी अजून अधूनमधून हातात घेते. पण खंड्याची चोच, घुबडाच्या डोळ्याभोवतीची वलयं, पंखावरची पिसं असलं बारीक काम मी तीन वर्षांपासून फ्लेक्सिबल शाफ्टच्या यंत्रावर करते. रोज सरासरी दीड तास. या काळात दोन शाफ्ट आणि दोन वेळा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे) बदलले, म्हणजे यंत्राची सासुरवाडी कशी आहे ते कळण्याइतका संसार झालाय.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मोटर वर आकड्याला टांगलेली. तिच्यातून मीटरभर लांबीची काळी नळी खाली येते. नळीच्या आत पोलादी तारांचे एकावर एक घट्ट वेढे देऊन केलेली लवचीक तार, म्हणजेच शाफ्ट, असते आणि मोटरबरोबर ती गरागरा फिरते. टोकाला पेनासारखा धरायचा हँडपीस, त्यात हवं ते बिट, म्हणजे कापायचं टोक. वेग पायाखालच्या पेडलवर. आमचे हे याला ‘दाताचा दवाखाना’ म्हणतात आणि पाहुण्यांना हौसेने दाखवायला आणतात. १९२२ साली सुरू झालेल्या फोरडॉम कंपनीचं नाव या प्रकाराशी इतकं जोडलं गेलंय की सोनारकामातले लोक कुठल्याही टांगत्या मोटरला तेच नाव देतात. माझं यंत्र त्यांचं नाही. त्याच साच्यातलं, पण वेगवेगळ्या रंगांत आणि नावांत मिळणारं आहे, म्हणून नाव लिहून काही उपयोग नाही.

आधीची चूक सांगते, कारण ती बहुतेक जण करतात. हातात धरायचं छोटं रोटरी यंत्र माझ्याकडे होतं, म्हणून त्यालाच लावायची लवचीक नळी मागवली. डब्यावर ‘३५,००० आरपीएम’ (मिनिटाला तेवढे फेरे) एवढं मोठं छापलेलं की बाकी काही वाचायचं सुचलंच नाही. वीस मिनिटांत हँडपीस इतका तापला की फडक्यात गुंडाळून धरावा लागला. सागाच्या ठोकळ्यावर जरा दाब दिला की आवाज खाली यायचा आणि बिट लाकूड कापायच्या ऐवजी घासत बसायचं. काळा डाग, जळका वास. मॉडेल कुठलं ते सांगत नाही. दोष एका कंपनीचा नव्हताच, माझ्या अपेक्षेचा होता. ती नळी नाजूक कामासाठी असते, ठोकळ्यातून पक्षी बाहेर काढायला नाही.

आरपीएमचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. मी एकदा वहीत गणित मांडलं. २५ मिलिमीटर व्यासाचं गोल कार्बाइड बिट १५,००० आरपीएमला फिरलं, तर त्याची कड सेकंदाला जवळजवळ वीस मीटर धावते. त्याच वेगाला दोन मिलिमीटरच्या बिटाची कड धावते जेमतेम दीड मीटर. म्हणजे जाड बिटाला १५,००० भरपूर झाले, त्याला हवा असतो जोर. बारीक बिटाला जोर नको, वेग हवा. टांगत्या मोटरी साधारण दोन ताकदींत दिसतात: एक षष्ठांश अश्वशक्ती, म्हणजे सव्वाशे वॅटच्या आसपास, आणि एक तृतीयांश, म्हणजे अडीचशे वॅट. मी दुसरी घेतली आणि पश्चात्ताप नाही. पण पिसाच्या अगदी शेवटच्या रेघा मला या यंत्रावर मनासारख्या मिळत नाहीत. बिट रेघ कापण्याऐवजी लाकूड चकचकीत करून पुढे सरकतं. त्यासाठी मायक्रोमोटर लागते. तिच्यात मोटरच हँडपीसमध्ये असते आणि वेग ३५,००० किंवा त्याहून वर जातो. कुणी ‘एकाच यंत्रात सगळं’ म्हणून हे विकत असेल, तर त्याने पिसं कोरलेली नाहीत.

हँडपीसची निवड मोटरइतकीच महत्त्वाची, आणि तिकडे कुणी बघत नाही. माझ्या यंत्राबरोबर किल्लीने आवळायचा तीन जबड्यांचा चक आला. त्यात अगदी बारीक ड्रिलपासून चार मिलिमीटरच्या दांड्यापर्यंत काहीही बसतं. सोयीचा आहे, पण जाडजूड. धरून अर्धा तास झाला की माझा अंगठा कुरकुरायला लागतो. मग कोलेटवाला (बिटाचा दांडा एकाच मापाच्या, पाकळ्या पाडलेल्या नळीत आवळणारा) सडपातळ हँडपीस वेगळा घेतला आणि जास्तीत जास्त काम आता त्याच्यावरच होतं. जाड बिटांसाठी पाव इंची कोलेटचा तिसरा आहे.

इथेच मी फसले. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. मी बिटं मागवली ६ मिलिमीटर दांड्याची, ‘तेवढ्याने काय होतंय’ म्हणून. कोलेट आवळलं, बिट बसल्यासारखं वाटलं, आणि लाकडाला लागताच आतल्या आत सरकलं. मी आणखी आवळलं. तेव्हा कोलेटच्या पाकळ्या अशा वाकल्या की नंतर बरोबर मापाचं बिटही त्यात लटलटायला लागलं. एक कोलेट फुकट गेलं. बारीक मापांतही हाच घोळ आहे: एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, आणि ३ मिलिमीटरची बिटं त्याच्या शेजारीच ठेवलेली असतात. आता माझ्या टेबलावर व्हर्नियर कॅलिपर असतो आणि नवीन बिट आधी त्याच्या तोंडात जातं.

आता देखभाल. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत यावर दीड पान आहे. माझ्या मते सगळं यंत्र त्या दीड पानातच आहे. मोटर सहसा बिघडत नाही. बिघडते ती तार.

पन्नास तास वापर झाला की तार बाहेर काढून पुसायची आणि ग्रीस लावायचं. माझ्या हिशेबाने महिन्याला एकदा. हँडपीस ओढून काढायचा, नळी सोडवायची, आणि आतली तार हळूहळू बाहेर घ्यायची. पहिल्यांदा काढली तेव्हा ती काजळासारखी काळी निघाली. ग्रीस, पोलादाची पूड आणि लाकडाचा बारीक भुसा यांचा तो लेप. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ती पुसायची, आणि पुसताना चिमटीतून मोटरच्या टोकाकडून खाली सरकवत न्यायची. हे डोळ्यांनी करायचं काम नाही, बोटांनी करायचं. तुटलेला एखादा तंतू बोटाला काट्यासारखा टोचतो. माझ्या पहिल्या तारेला हँडपीसपासून चार बोटांवर असा काटा लागला होता. मी दुर्लक्ष केलं. पंधरा दिवसांनी नळीतून खरखर ऐकू यायला लागली आणि एका दुपारी मोटर फिरतेय पण बिट ढिम्म, असं झालं. नेमकी त्याच जागी तार तुटली होती. तिथेच मी नळी सर्वांत जास्त वाकवायची, कारण ठोकळा मांडीवर घेऊन काम करायची सवय होती. आता ठोकळा शिकंज्यात असतो आणि आकडा हातभर वर सरकवलाय. नळीचं वळण कमानीसारखं पडायला हवं, कोपरासारखं नाही.

ग्रीस किती, हा पुढचा प्रश्न. मला वाटायचं भरपूर लावलं की भरपूर चालेल. दुसऱ्याच दिवशी हँडपीसच्या मागून काळा ओघळ आला आणि पांढऱ्या लाकडावर पडला. मोटर वर, हँडपीस खाली, त्यामुळे जास्तीचं ग्रीस खालीच उतरणार. ते हँडपीसच्या बेअरिंगपर्यंत गेलं की हँडपीस तापतो. आता बोटावर वाटाण्याएवढं घेते, तारेवर पातळ हात फिरवते आणि मग स्वच्छ फडकं एकदा ओढते. तार ओलसर दिसावी, माखलेली नाही. त्यानंतर यंत्र पाच मिनिटं मोकळं, हळू वेगात चालवायचं आणि हँडपीस लावण्याआधी नळीचं टोक पुसून घ्यायचं.

आणखी एक गोष्ट मला शाफ्ट बदलताना कळली. हँडपीस काढल्यावर तारेचं टोक नळीच्या बाहेर ठरावीक लांबीचं दिसलं पाहिजे. माझ्या यंत्रात ते साधारण दोन सेंटिमीटर आहे. कमी असेल तर हँडपीस नीट पकडत नाही, जास्त असेल तर तार आतून हँडपीसला ढकलत राहते आणि पुन्हा तेच, हँडपीस गरम. दुसरा शाफ्ट बसवल्यावर तीन दिवस मी बेअरिंगला दोष देत होते. शेवटी पट्टी लावून पाहिलं तर चार मिलिमीटर जास्त. मोटरकडचा छोटा स्क्रू ॲलन कीने सैल केला, नळी सरकवली, पुन्हा आवळला. पाच मिनिटांचं काम.

कार्बन ब्रशचं फार कौतुक नको. मोटरच्या दोन बाजूंच्या टोप्या उघडून दर दोन-तीन महिन्यांनी लांबी बघायची. झिजून सहा मिलिमीटरच्या आसपास आले की बदलायचे, आणि बदलल्यावर थोडा वेळ बिनओझ्याने चालवायचे. तपासून जुनेच परत घालत असाल तर ज्या बाजूला वळले होते त्याच बाजूने घाला, कारण त्यांचं तोंड मोटरच्या गोलाईप्रमाणे घासलेलं असतं. मी एकदा उलटे घातले आणि टोप्यांतून इतक्या निळ्या ठिणग्या आल्या की ह्यांनी येऊन मेन स्विच बंद केला.

बिटांबद्दल एकच. काटेरी कार्बाइडच्या बिटात चिकट लाकडाची राळ भरते, आणि मग ते कापत नाही, जाळतं. लोक नवीन घेतात. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून त्यात अर्धा तास ठेवलं आणि पितळी ब्रश फिरवला, तर बहुतेक बिटं पुन्हा कामाला लागतात. नंतर पूर्ण वाळवायचं, नाहीतर दांड्याला गंज चढतो. आणि दांडा कोलेटमध्ये होईल तेवढा आत घालायचा. लांब पोच मिळावी म्हणून मी एकदा बारीक बिट टोकाशीच पकडलं आणि पेडल दाबलं. दांडा क्षणात काटकोनात वाकला आणि चाबकासारखा हातात थडथडला. पाय उचलला म्हणून वाचले.

पेडल हवंच, ते यासाठी. ॲप्रनची नाडी बिटाभोवती गुंडाळली गेली, त्या दिवशीही माझ्या आधी पायाला कळलं. बटणाच्या यंत्रावर दुसरा हात मोकळा असायला लागला असता, आणि तो घुबड धरून बसला होता. तेव्हापासून नाडी मागे बांधते, आणि हातमोजे या यंत्रावर कधीच घालत नाही. मास्क मात्र न चुकता. पटाशीच्या ढलप्या पायाशी पडतात, याचा भुसा हवेत तरंगतो, आणि लाकडाची धूळ कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग नक्की करणाऱ्या गोष्टींत, टाकली आहे. कापडी रुमाल बांधून भागत नाही.

उलट फिरवायची सोय माझ्या मोटरला आहे. डावखुऱ्यांना तिचा उपयोग होतो, कारण धूळ तोंडावर न येता पलीकडे जाते. पण तारेचे वेढे एका दिशेने घट्ट होणारे असतात, म्हणून मी उलट्या फेऱ्यात जोराचं काम करत नाही. स्क्रूने आवळलेली पॉलिश पेपरची चकतीही उलट फिरवल्यावर सुटून उडू शकते. माझी उडाली. फडताळाखालून अजून सापडलेली नाही.

घ्यावं का? पसाभर मापाच्या आकृत्या, ठरलेली बसायची जागा आणि महिन्यातून एक तास हात काळे करायची तयारी असेल, तर जरूर घ्या. घेताना मोटरबरोबर एक जादा आतली तार आणि ब्रशची जोडी त्याच वेळी मागवा, आणि विकणाऱ्याला विचारा की हे सुटे भाग दोन वर्षांनी मिळतील का. मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या तारेसाठी सहा आठवडे थांबले. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा पेडलच्या वायरीपायी गेला: ती इतकी आखूड आहे की पेडल टेबलाच्या डाव्या पायापलीकडे जातच नाही, आणि तीन वर्षं मी उजव्या हाताने कोरतेय, डाव्या पायाने चालवतेय.