रोज एक चित्र दाखवणारं अ‍ॅप: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

म्हापशातल्या एका छोट्या छापखान्यात मी डिझाइनचं काम करतो. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, दुकानांचे फ्लेक्स. तेच मोर आणि त्याच सोनेरी वेली बघून डोळे विटले होते, म्हणून गेल्या पावसाळ्यात रोज सकाळी एक चित्र पाठवणारं अ‍ॅप घेतलं. नाव लिहीत नाही, कारण असली चार-पाच अ‍ॅपं आहेत आणि सगळ्यांची जात एकच. वर्षाची वर्गणी दोन माशांच्या थाळ्यांइतकी.

आधी चांगलं सांगतो. चित्र स्वच्छ उघडतं, खाली चार ओळींची माहिती येते आणि नेट रेंगाळत असलं तरी अडत नाही. फिनलंडच्या हेलेन श्येर्फबेक मला इथेच भेटल्या. जन्म १८६२चा. तरुणपणापासून ही बाई स्वतःचा चेहरा रंगवत आली, आणि १९४४-४५च्या सुमाराला, ऐंशी पार केल्यावर, तो चेहरा तिने जवळजवळ कवटीपर्यंत आणून ठेवला. नाक म्हणजे एक सावली, तोंड म्हणजे एक डाग. त्या दिवशी कामावर जायला उशीर झाला, पण वर्गणी वसूल झाली.

आता दुसरी बाजू. जाहिरातीत ‘जगभरातले अपरिचित चित्रकार’ असं ठळक लिहिलंय आणि प्रत्यक्षात दर दोन-चार दिवसांनी व्हॅन गॉग नाहीतर मोने दारात हजर. एखाद्या चित्राला हार्ट दिलं की पुढचा आठवडाभर त्याचीच भावंडं. शोधायची सोय शैलीप्रमाणे, आणि त्या सगळ्या शैली युरोपच्या. दीनानाथ दलाल शोधून पाहिले. १९१६ साली मडगावात जन्मलेला हा माणूस. ‘दीपावली’च्या अंकांमुळे मराठी घराघरांत त्याची चित्रं पोचली. उत्तर आलं: काही सापडलं नाही. अमृता शेर-गिल मात्र आहेत, म्हणजे भारत हा देश त्यांना ठाऊक आहे.

सगळ्यात खटकलं ते हे की चित्राचा आकार कुठेच देत नाहीत. वीतभर जलरंग आणि भिंतभर कॅनव्हास, दोन्ही फोनवर सारखेच दिसतात. फ्लेक्स छापणाऱ्या माणसाला हे पटणं कठीण.

दिवाळीनंतर वापरायची पद्धत बदलली. शैलीचा नाद सोडला आणि देश, भाषा, बंदर असा धागा धरला. अ‍ॅपमधून नुसतं नाव उचलायचं आणि पुढे थेट संग्रहालयाच्या साइटवर जायचं. गोव्यात बसून पहिला धागा पोर्तुगालचाच हाती लागणार. चारशे-साडेचारशे वर्षं ज्यांचं राज्य इथे होतं, त्यांचा एकही चित्रकार मला नावाने माहीत नव्हता. आमच्या लेखी पोर्तुगीज कला म्हणजे पणजीच्या घरांवरच्या निळ्या फरश्या.

तिथे सापडला अमादेउ द सौझा-कार्दोझु. १८८७चा जन्म, अमारांत गावाजवळचा. ऐन तारुण्यात पॅरिसला गेला, चित्रकार मोदिग्लियानीशी दोस्ती झाली, १९१३च्या अमेरिकेतल्या गाजलेल्या आर्मरी शोमध्ये चित्रं लागली. १९१४ला महायुद्ध सुरू झालं आणि तो गावी परतून तिथेच राहिला. १९१८च्या फ्लूच्या साथीत गेला, वय तीस. मग जग त्याला विसरलं. पॅरिसच्या ग्रां पालेमध्ये त्याचं मोठं प्रदर्शन व्हायला २०१६ उजाडलं. लिस्बनच्या गुलबेंकियान संग्रहालयाकडे त्याच्या कामाचा मोठा संग्रह आहे. त्यातलं १९१७चं ‘कोती’ हे चित्र मी कितीदा मोठं करून पाहिलं असेल. कोती म्हणजे अत्तराची कंपनी. फोनवर लहान आकारात नुसते रंगाचे तुकडे दिसतात. कॉम्प्युटरवर मोठं केलं की कळतं, त्यात आरशाचे तुकडे आणि केसांच्या पिना चिकटवल्यात. शेजारच्या दुसऱ्या एका चित्रात जाहिरातीच्या पाटीसारखी ठोकळा अक्षरं. शंभर वर्षांपूर्वी हा माणूस दुकानाची पाटी कॅनव्हासवर घेत होता आणि आम्ही पाट्या करणारे त्याला ओळखत नव्हतो.

तोच धागा मोझांबिकला, पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत गेला. गोव्यातले कितीतरी लोक पोटापाण्यासाठी तिकडे होते, पण तिथल्या मालांगाताना या चित्रकाराचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. १९३६चा जन्म, टेनिस क्लबात चेंडू गोळा करणारा पोर. पांशो गेदिश या आर्किटेक्टने त्याला रंगवायला जागा दिली. पुढे पोर्तुगीज गुप्त पोलिसांनी तुरुंगात टाकलं. त्याच्या चित्रांत मोकळी जागा म्हणून नाही. डोळे, दात, हात, चेहऱ्याला चेहरा लागून. पहिल्यांदा मला गुदमरायला झालं. अजूनही एका बैठकीत दोनापेक्षा जास्त बघवत नाहीत.

कामाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी निघाली ती खुल्या संग्रहांची माहिती. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७मध्ये आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींचे लाखो फोटो कुणालाही, अगदी धंद्यासाठीही, फुकट वापरायला दिले. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडूनही मोठ्या फाइली उतरवता येतात, फक्त खालची हक्कांची ओळ वाचून घ्यायची. मारिया सिबिला मेरियानची पानं अशीच मिळाली. ही बाई १६९९ साली, बावन्नाव्या वर्षी, मुलीला घेऊन किडे रंगवायला सुरिनामला गेली, पुस्तक १७०५चं. त्यातल्या अननसाच्या पानांवर झुरळं आहेत. अननस पत्रिकेच्या किनारीला सुरेख बसला. झुरळं मात्र पुसली, वधूपक्ष म्हापशाचा होता.

आणि मग पर्वरी. अ‍ॅपने आंजेलो द फोन्सेका हे नाव कधी दाखवलं नाही. गोवा या नावाने शोधत बसलो तेव्हा बाहेरच कुठेतरी मिळालं. १९०२चा जन्म, सांत इस्तेवचे. वैद्यकीचं शिक्षण सोडून शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोसांकडे शिकले आणि परत येऊन येशूच्या आईला, मरियेला, चित्रांत साडी नेसवली. इथल्या चर्चमंडळींना ते रुचलं नाही. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते काम करत राहिले, १९६७मध्ये गेले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत आहे. म्हापशाहून पणजीला जाताना ज्या रस्त्याने रोज बस जाते, तिथून हाकेच्या अंतरावर. तसंच पणजीतल्या फोंताइन्यशमध्ये फुंदासांव ओरियंत या पोर्तुगीज संस्थेकडे चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांचा संग्रह आहे. त्यांची मुलगी आंजेला, तीही चित्रकार, बापाइतकीच बघण्यासारखी. फोनवर बघितलेलं चित्र समोर उभं राहून बघितलं की आकाराची माझी तक्रार का आहे ते लगेच समजेल.

कुणी घ्यावं? चित्रांशी काहीच ओळख नसेल तर फुकटची आवृत्ती पुरे, सहा महिने मजेत जातील. माझ्यासारखं कामासाठी हवं असेल तर पैसे भरू नका. चित्रकाराचं नाव त्याच्या देशाच्या स्पेलिंगमध्ये, अक्षरांवरच्या चिन्हांसकट टाका आणि थेट त्या देशाच्या संग्रहालयात शोधा. नोटिफिकेशन पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर विक्रीला काढलेल्या पोस्टरच्या जाहिराती रात्री अकरालाही येतात. माझी वर्गणी जूनमध्ये संपते, पुढची भरणार नाही.