स्पोर्ट्स मॅनेजमेंटची डिग्री: फी भरून फुकट राबण्याचा अनुभव, आणि तरीही साडेतीन स्टार

नव्या सत्राच्या फीची पावती आली. त्यात 'इंटर्नशिप क्रेडिट' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे इतर कुठल्याही विषयाइतकीच रक्कम. म्हणजे ज्या काळात मी वर्गात पाऊलही टाकलं नव्हतं आणि एका क्लबच्या सामन्यांना बिनपगारी उभी होते, त्या काळाचे पैसे मीच विद्यापीठाला द्यायचे! डोकं सणकलं ते त्या ओळीने. विषयांची यादी, कालावधी, प्रवेशाच्या अटी माहितीपत्रकात आहेत, त्या परत सांगत बसत नाही. साठवलेले पैसे मोजून या डिग्रीला बसणाऱ्या मुलींसाठी हे लिहितेय.

प्लेसमेंट सेलला मेल टाकला. उत्तर आलं, की हे 'शैक्षणिक देखरेखीचं शुल्क' आहे. देखरेख म्हणजे महिन्याच्या शेवटी लॉगबुकवर एक सही. मी विचारलं, ती सही करणाऱ्यांनी लॉगबुक उघडून पाहिलं का? त्यावर तीन ओळींचं नम्र उत्तर, प्रश्न तिथेच. परताव्याचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. अर्धा स्टार तिथे कापला.

पण पैशांपेक्षा जास्त डाचलं ते कार्ड. मोठ्या सामन्याला गळ्यात जे अ‍ॅक्रिडिटेशन कार्ड असतं, त्याच्या तळाशी आकड्यांची पट्टी असते. एकेक आकडा म्हणजे एकेक झोन: मैदान, खेळाडूंचा भाग, प्रक्षेपणाच्या गाड्यांचं आवार, नियंत्रण कक्ष, पत्रकार कक्ष, पाहुण्यांचं लाउंज. दारावरचा गार्ड तुमचं शिक्षण विचारत नाही, आकडा बघतो. आमच्या तुकडीतल्या सगळ्या मुलींच्या कार्डावर एकच आकडा होता, लाउंजचा. मुलांच्या कार्डांवर मैदान होतं, नियंत्रण कक्ष होता. यात कुणाचा कट नव्हता. क्लबच्या समन्वयकाने नावांची यादी वाचली आणि 'मुली पाहुण्यांकडे बऱ्या' म्हणून वाटणी करून टाकली. मी विचारायला गेले तर म्हणाला, "मॅडम, तुमचं काम एसीत आहे, तक्रार कसली?"

तक्रार ही, की मला ऑपरेशन्स शिकायचं होतं. कुठलं गेट कधी उघडायचं, गर्दी एका जिन्यावर तुंबली तर ती कुठून वळवायची, सामना सुरू व्हायला उशीर होणार असेल तर प्रक्षेपणवाले, पंच आणि सुरक्षा यांच्यात आधी कुणाला कळवायचं, हे नियंत्रण कक्षातच दिसतं. मी त्या वेळी प्रायोजकांच्या पाहुण्यांच्या मनगटाला रिस्टबँड बांधत होते आणि यादीवर टिकमार्क करत होते. लॉगबुकात 'आत्मसात केलेली कौशल्ये' असा रकाना आहे. त्यात 'पाहुण्यांचे स्वागत' हे दोन शब्द मी इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी फिरवून लिहिले, की ते फिरवणं हेच एक वेगळं कौशल्य म्हणून मोजायला हरकत नाही. सही मात्र सगळ्यावर झाली.

हे कार्ड-पुराण फार लांबलं असं वाटेल, पण पुढे अर्जावर 'सामना संचालनाचा अनुभव' कोण लिहू शकणार आणि 'आतिथ्य' कोण, हे त्या आकड्याने ठरतं. पहिली नोकरी त्यावरून ठरते, दुसरी पहिलीवरून.

आता अभ्यासाबद्दल. ही डिग्री तशी जुनी नाही, अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाने १९६६ साली असा अभ्यासक्रम पहिल्यांदा सुरू केला. इतिहासाचा पेपर बरा शिकवतात, पण सोयीचं तेवढंच. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा अमेरिकेतला १९७२चा 'टायटल नाइन' कायदा आणि त्यानंतर मैदानात आलेल्या लाखो मुली, यावर भरपूर तास गेले. त्याच कायद्यानंतर काय झालं तो भाग मात्र मला ग्रंथालयात सापडला. १९७२ साली तिथल्या महाविद्यालयीन महिला संघांपैकी ९० टक्क्यांहून जास्त संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१४ पर्यंत ते प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास आलं. संघ वाढले, त्या पदाला पगार आणि मान आला, आणि पदावर पुरुष आले. स्त्रियांना क्रीडा-व्यवसायासाठी तयार करणाऱ्या अभ्यासक्रमात हे पहिल्याच तासाला सांगायला नको का?

१९७०चा टेनिसमधला, बायकांना मिळणाऱ्या तुटपुंज्या बक्षिसांविरुद्धच्या बंडाचा किस्साही तसाच. बिली जीन किंगसह नऊ जणींनी एकेका डॉलरचा करार करून वेगळी वाट धरली, हे स्लाइडवर होतं. पण स्पर्धा उभी करणारी, प्रायोजक आणणारी, करार पुढे करणारी बाई ग्लॅडिस हेल्डमन होती, 'वर्ल्ड टेनिस' मासिकाची प्रकाशक. आम्ही व्यवसाय शिकायला आलोय ना? मग स्लाइडवर हेल्डमन हवी.

'महिला नेतृत्व' नावाची कार्यशाळा मालिका आहे, तिला शून्य. वक्त्या यशस्वी होत्या, बोलल्याही छान. स्वतःवर विश्वास ठेवा, आवाज उठवा, वगैरे. पगार कसा ठरवून घ्यायचा, बोनसचं कलम कसं वाचायचं, यावर चकार शब्द नाही. समोशाशिवाय... नको, खाण्यापिण्यावर बोलत नाही, प्रमाणपत्र मिळालं एवढं खरं.

मग मत बदललं, आणि ते बदललं करार व प्रक्षेपण हक्कांच्या विषयाने. पहिल्या सत्रात मी त्याला झोपेची गोळी म्हणायचे. दुसऱ्या सत्रात मॅडमनी कलमं बाजूला ठेवून आकडे फळ्यावर मांडले. महिलांच्या स्पर्धांचे हक्क वर्षानुवर्षं पुरुषांच्या हक्कांना जोडून विकले जायचे. एकत्र गठ्ठ्यात विकलं की महिलांच्या भागाची वेगळी किंमत कागदावर येतच नाही, आणि ती नाही म्हणून 'महिलांच्या खेळाला बाजार नाही' म्हणायला सगळे मोकळे. २०२३च्या महिला फुटबॉल विश्वचषकाचे हक्क फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, वेगळे विकायला काढले. युरोपातल्या मोठ्या देशांतल्या वाहिन्यांचे देकार पुरुषांच्या स्पर्धेच्या २० ते १०० पट कमी आले, आणि प्रेक्षकसंख्या मात्र पुरुषांच्या स्पर्धेच्या ५० ते ६० टक्के असते, असं फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फांटिनो जाहीरपणे बोलले. सौदा जमला तो स्पर्धेच्या तोंडावर, जूनमध्ये. भांडण झालं हे खरं, पण आकडा पुढे आला.

महिला क्रिकेटच्या वुमेन्स प्रीमियर लीगचं गणित तर त्यांनी आमच्याकडूनच करून घेतलं. पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना गेले. पाच संघ मिळून ४,६६९.९९ कोटींना, आणि सर्वांत महाग अहमदाबादचा, १,२८९ कोटींना, दहा हंगामांसाठी. हक्कांचे सगळेच्या सगळे पैसे संघांत वाटले असं धरलं तरी एका संघाला वर्षाला ३८ कोटींच्या आसपास मिळतात. अहमदाबादच्या मालकाचे नुसते संघाचे वर्षाला जवळजवळ १२९ कोटी जातात. मधली दरी कशाने भरायची? प्रायोजक, तिकिटं, जर्सी, आणि पुढच्या वेळी हक्क महाग जातील ही आशा. त्या दरीवर मॅडमनी आम्हाला अख्खा आठवडा झुलवलं. इतकी मजा मला कुठल्याच वर्गात आली नव्हती. लाउंजमधल्या रिकाम्या खुर्च्यांचाही तिथेच उपयोग झाला: प्रायोजकाला पाठवलेले पास आणि प्रत्यक्षात बांधलेले रिस्टबँड यांतला फरक मी प्रकल्पात मांडला, आणि पुढच्या करारात पासांऐवजी काय मागावं ते लिहिलं.

किम अँगचं उदाहरणही याच वर्गात आलं. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये ती मायामी मार्लिन्स या बेसबॉल क्लबची जनरल मॅनेजर झाली, उत्तर अमेरिकेतल्या पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये या पदावर पोहोचलेली पहिली स्त्री. तिची सुरुवात शिकागो व्हाइट सॉक्स या दुसऱ्या बेसबॉल क्लबमध्ये इंटर्न म्हणून झाली होती, आणि डिग्री होती सार्वजनिक धोरणाची. म्हणजे आमच्या डिग्रीची जाहिरात तिच्या नावावर करू नये. पण १९९५ साली एका खेळाडूच्या पगाराच्या लवादात क्लबची बाजू तिने मांडली आणि जिंकली. इंटर्न म्हणून आत शिरल्यावर तिच्या हातात करार आणि आकडे आले, हे महत्त्वाचं.

आता ज्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती ते: तिकीट विक्रीची प्रयोगशाळा. नाव भारदस्त, प्रत्यक्षात एक खोली, हेडसेट, आणि सीझन तिकीट न नूतनीकरण केलेल्या लोकांची यादी. खरे फोन, खरी माणसं. पहिल्या दिवशी एक गृहस्थ म्हणाले, "कोणातरी जबाबदार माणसाला फोन द्या." मी म्हटलं, "तो मीच आहे, बोला." त्यांची तक्रार आसनासमोरच्या खांबाची होती, ती आधीच्या कुणी नोंदवलीच नव्हती. मी नकाशा उघडून दुसरी जागा काढून दिली, त्यांनी दोन तिकिटं घेतली. या क्षेत्रात शिरायचं सर्वांत रुंद दार विक्रीचं आहे, आणि इथे कामगिरी आकड्यात मोजली जाते. 'मुलगी आहे, पाहुण्यांकडे बरी' म्हणणाऱ्याच्या पुढे विक्रीचा तक्ता ठेवता येतो.

प्रवेश घ्यायचा विचार असेल तर माहितीपत्रकातले हसरे फोटो सोडा. मागच्या तुकडीतल्या दोन-तीन मुलींना गाठा आणि विचारा, इंटर्नशिपला तुमच्या कार्डावर कुठले झोन होते? प्लेसमेंट सेलला विचारू नका, तिथे 'विविध संधी' असं उत्तर मिळतं. इंटर्नशिपच्या करारात काम आणि झोन लिहून मागा, सही करण्याआधी. आणि विक्रीची प्रयोगशाळा वैकल्पिक आहे, जागा मोजक्या आहेत, नोंदणी उघडते त्या सकाळीच भरते. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल, ती घ्याच.