तिन्ही डोस झालेलं पिल्लू

पुण्याबाहेरच्या एका घरगुती ब्रीडरकडून आम्ही लॅब्रेडॉरचं पिल्लू घेतलं. ‘अडीच महिन्यांचं आहे, तिन्ही डोस झालेत, रेबीजचंही दिलंय, आता वर्षभर काही बघायला नको,’ असं सांगून त्याने कार्ड हातात दिलं. तारखा, सही, दवाखान्याचा शिक्का, सगळं त्यावर होतं. लसींचे पैसे त्याने किमतीत वेगळे लावले होते.

आठवडा उलटायच्या आत चिकूने खाणं सोडलं. आधी उलट्या, मग रक्ताचे जुलाब, आणि त्यांचा तो वास. डॉक्टरांनी तपासणी केली, पार्वो निघाला, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार.

सलाईन चालू असतानाच डॉक्टरांनी त्याचे ओठ वर करून दाढा दाखवल्या. मागच्या दुधाच्या दाढा अजून हिरडीतून नीट वर आल्या नव्हत्या. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लाचे दुधाचे २८ दात साधारण आलेले असतात. चिकू जेमतेम सहा आठवड्यांचा होता. म्हणजे कार्डावरच्या पहिल्या डोसच्या दिवशी त्याचे डोळेसुद्धा धड उघडले नसतील! केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

खोटेपणा कार्डावरच दिसत होता, डॉक्टरांनी तो बोट ठेवून दाखवला. लस टोचली की कुपीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असते. आमच्या कार्डावर लेबलांच्या जागी नुसतं पेनाने लिहिलेलं होतं. शिक्क्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. तो क्रमांक असेल तर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नाव पडताळता येतं.

आणि वयाचा हिशोब तर कुणालाही करता येईल. पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) यांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना देतात, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, आणि शेवटचा सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, म्हणून इतक्या वेळा द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांना. अडीच महिन्यांच्या पिल्लाचं ‘सगळं झालंय’ असं कुणी म्हणालं, तर तिथून सरळ निघा. जंताचं औषध कधी आणि कोणतं दिलं तेही विचारा; आमच्या कार्डावर तो रकाना कोराच होता आणि चिकूचं पोट जंतांनी फुगलेलं होतं.

त्याच वेतातलं दुसरं पिल्लू घेतलेलं एक कुटुंब आम्हाला दवाखान्यातच भेटलं. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. अक्षर एक, शाई एक, पण सख्ख्या भावंडांच्या जन्मतारखा वेगळ्या! त्यांचं पिल्लू गेलं. त्यांच्या लहान मुलीकडे मला बघवेना.

चिकू वाचला. बरा झाल्यावर डॉक्टरांनी त्याचं लसीकरण पहिल्यापासून सुरू केलं. दोन्ही कार्डांच्या प्रती जोडून आम्ही जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे तक्रार दिली आहे.

लेबल नसलेलं असं कार्ड तुमच्याकडे असेल तर एकही लस झालेली नाही असं समजून पिल्लाला आजच दवाखान्यात न्या. ते घरात कुणाला चावलं किंवा ओरबाडलं असेल, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, लगेच डॉक्टरांकडे जा आणि कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नाही हे त्यांना स्पष्ट सांगा.