पंखाच्या बोल्टला नायलॉक लावावा की कॅसल नट?

पिटेनपोल एअर कॅम्पर या घरी बांधायच्या छोट्या विमानाचा पंख तीन तुकड्यांत केला असेल, तर बाजूचे पंख मधल्या तुकड्याला जोडताना हा प्रश्न येतोच. नायलॉक म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, त्याच्या पकडीने घट्ट राहणारा नट. कॅसल नटाला वर खाचा असतात, त्यांतून आणि बोल्टच्या भोकातून स्प्लिट पिन घालून तो अडकवायचा. एएन बोल्ट, म्हणजे विमानाचा प्रमाणित बोल्ट, दोन्हीकडे तोच. फक्त कॅसल नटासाठी शेपटीला भोक असलेला मागवायचा, म्हणजे नंबराच्या शेवटी ‘ए’ नसलेला. मी घाईत एकदा ‘ए’वाले मागवले होते, तेव्हा सांगून ठेवतो.

नायलॉकची सोय मान्यच करायला हवी. पाना फिरवला, काम झालं. नायलॉनच्या कड्याला १२० अंश सेल्सिअसच्या आसपास मर्यादा आहे, पण पंखाच्या मुळाशी एवढी उष्णता येणार कुठून? कॅसल नट मात्र पिडतो. नट बरोबर बसला की खाच आणि भोक हमखास चुकतात. मागे सैल करायचा नाही, म्हणून पातळ वॉशर घाल, जाड काढ. एका बोल्टपायी माझी अख्खी संध्याकाळ गेली आहे.

तरी माझं मन बदललं ते एका ऑक्टोबरात. इकडे ओहायोत हिवाळ्याआधी मी पंख उतरवून ट्रेलरवर घरी आणतो. तिसऱ्या वर्षी पंख परत चढवताना एक नायलॉक नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेला, म्हणजे कड्याची पकड गेलेली. असा नट टाकूनच द्यायचा, ते ठीक. पण डब्यात जुने-नवे सगळे मिसळलेले, आणि दिसायला तो नव्यासारखाच! उड्डाणाआधी बघून काय कळणार होतं? स्प्लिट पिनेचं तसं नाही. ती आहे की नाही, हे चार फुटांवरून दिसतं.

शिवाय इथे बोल्ट शिअरमध्ये, म्हणजे आडव्या कातरणाऱ्या जोराखाली, काम करतो. नटाने त्याला जागेवर ठेवलं की पुरे, कचकून आवळलात तर फिटिंगचे कान, म्हणजे बोल्ट ज्यांतून जातो त्या पट्ट्या, वाकायचे. स्ट्रटच्या, म्हणजे पंखाला खालून आधार देणाऱ्या दांड्याच्या, टोकाशी बोल्ट थोडाफार फिरूही शकतो, आणि फिरत्या जागी नायलॉक एकटा नकोच.

स्पारच्या (पंखाच्या मुख्य तुळईच्या) लाकडातून आरपार जाणाऱ्या, एकदाच लावायच्या बोल्टांना मी अजून नायलॉकच वापरतो. कोरड्या थंडीत लाकूड आकसतं, नट पाव फेरा आवळावा लागतो. तिथे दरवेळी पिन काढत बसणं नको. खाली रुंद वॉशर हवाच, नाहीतर नट लाकडात रुततो.

तुम्ही पंख कधीच उतरवणार नसाल, तर कदाचित तुमचा हिशेब वेगळा निघेल. पिन घेतलीत तर दरवेळी नवी घ्या आणि टोकं नीट दुमडा. नाहीतर पंख पुसताना फडकं अडकतं, कधी बोटही.