सिम्बॉलिक प्रोग्रामिंगचा कोर्स: विषय भारी, मार्क देणारं सॉफ्टवेअर मठ्ठ

सेमिस्टर संपलं, मार्क लागले, आता लिहायला हरकत नाही. इलेक्टिव्ह म्हणून सिम्बॉलिक प्रोग्रामिंग घेतलं होतं, म्हणजे आकड्यांऐवजी चिन्हांवर काम करणारे प्रोग्राम लिहायचे, त्यासाठी बहुतेक लिस्प ही भाषा आणि शेवटी चिमूटभर प्रोलॉग, नियम देऊन उत्तर शोधायला लावणारी भाषा. खरं सांगायचं तर बाकीचे दोन ऑप्शन सकाळी आठला होते म्हणून घेतलं. पाचपैकी साडेतीन स्टार देते, आणि कापलेला दीड स्टार विषयाचा नाहीये.

पहिले दोन आठवडे निव्वळ कंस. आम्हाला पायथनची सवय, इथे बेरीज करायची तर (+ २ ३), चिन्ह आधी. ठीक आहे, जमतं. खरी गंमत कोटपासून सुरू होते. तेच (+ २ ३) लिहून आधी एक ' दिलं की उत्तर ५ येत नाही, तीन गोष्टींची एक लिस्ट येते: अधिकचं चिन्ह, २ आणि ३. म्हणजे प्रोग्राम आणि डेटा दिसायला एकच, आता हे चालवायचं की नुसतं हातात धरायचं ते त्या एका टिंबाएवढ्या खुणेवर ठरतं. मला हे कळायला चक्क तीन लॅब लागल्या, आणि तोपर्यंत क्ष नावाचं व्हेरिएबल सापडत नाही ही एरर इतक्यांदा बघितली की स्वप्नात यायची.

मॅडम शिकवतात मात्र झकास. लिस्टमधली पहिली गोष्ट देणारं कार आणि उरलेली लिस्ट देणारं कुडर, ही विचित्र नावं कुठून आली विचारलं तर सरळ १९५० च्या दशकातल्या आयबीएम ७०४ मध्ये घेऊन गेल्या, त्या मशीनच्या मेमरीतल्या एका वर्डमध्ये, म्हणजे एका खणात, ॲड्रेस आणि डिक्रिमेंट असे भाग होते, त्यांच्यावरून ही नावं पडली ती आजतागायत चिकटलीत. जॉन मॅकार्थीने १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं, इव्हॅल हे फंक्शन, म्हणजे लिस्पचा कोड घेऊन त्याचं उत्तर काढणारं, त्याने कागदावर थिअरी म्हणून मांडलं होतं, आणि त्याचा सहकारी स्टीव्ह रसेल म्हणाला की मी हे मशीनवर लिहूनच टाकतो. लिहिलंही! गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणं, तेसुद्धा इथूनच आलं. जावावाल्यांनी नोंद घ्यावी.

कोर्सचा जीव म्हणजे डेरिव्हेटिव्हची असाइनमेंट. कॉलेजात आपण हाताने करायचो तेच, पण आकडे न टाकता नुसत्या चिन्हांवर. गुणाकाराचा नियम, बेरजेचा नियम, झालं, पंधरावीस ओळींत उरकतं. मी (* क्ष क्ष) दिलं आणि उत्तर आलं (+ (* क्ष १) (* १ क्ष)). बरोबर आहे हो, पण असलं उत्तर कुणी पेपरात लिहील का? मग सिम्प्लिफाय लिहायचं, एकने गुणलं तर एक काढून टाक, शून्य मिळवलं तर शून्य काढून टाक, आणि इथे रात्र गेली, कारण आतला कंस साधा झाला की बाहेरचा पुन्हा बघावा लागतो, आणि माझे दोन नियम एकमेकांचं काम उलटं करत बसले, एक २क्षचं क्ष+क्ष करतोय, दुसरा परत २क्ष, प्रोग्राम काही थांबेना. साधं म्हणजे नेमकं काय, हेच कुणी सांगितलेलं नसतं ना. ते आपण ठरवायचं. पण ते चाललं तेव्हा रात्री दोनला एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता तक्रार. तपासणी ऑटोमॅटिक. माझं उत्तर (* २ क्ष), सॉफ्टवेअरला हवं होतं (+ क्ष क्ष). दिलं चूक! दहापैकी सहा टेस्ट गेल्या. म्हणजे सिम्बॉलिक प्रोग्रामिंगच्या कोर्सात उत्तर तपासतात कसं, तर ह्या लिस्टसारखी हुबेहूब ती लिस्ट आहे का बघून. क्षच्या जागी ७ टाकून बघितलं असतं तरी दोन्हीकडे १४ आलं असतं. टीएला, म्हणजे मॅडमच्या मदतनीसाला मेल केला, तो म्हणाला तुझं बरोबर आहे, उलट जास्त चांगलं आहे, पण टेस्ट आता बदलता येणार नाहीत. डोक्यावर हात मारला.

दुसरी गोष्ट, मॅक्रोला, म्हणजे कोड लिहिणाऱ्या कोडला, एकच लेक्चर. लिस्प शिकवायचं आणि मॅक्रो पळवायचे म्हणजे जेवायला बोलावून ताट उचलून नेणं. प्रोलॉगही दोन आठवड्यांत गुंडाळलं. पूर्वज शोधायचा रूल लिहिला, लॉजिक बरोबर, पण रूलच्या सुरुवातीलाच पुन्हा पूर्वज विचारला होता, तर तो स्वतःलाच विचारत खोल खोल गेला आणि स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेली कामं लक्षात ठेवायची जागा, संपला. आईवडिलांची अट आधी घातली की चालतं. हे का होतं ते वर्गात व्हायला हवं होतं, मला शेवटी वहीवर झाड काढून कळलं.

शेवटचा प्रोजेक्ट लिस्पमध्येच छोटं लिस्प लिहायचं, त्यासाठी तरी हा कोर्स घ्या. माझं इव्हॅल साठ ओळींत बसलं. फक्त रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची, भीती असेल तर आधी थोडी घालवून या, कारण फॉर लूपवर इथे कुणी भाव देत नाही. आणि पहिल्याच दिवशी एडिटरमध्ये कंसाची जोडी दाखवणारं सेटिंग चालू करा, मी चौथ्या आठवड्यापर्यंत बोटाने मोजत होते.